गुन्हा कबूल करणाऱ्या अशिलाचा बचाव: न्यायालयात काय म्हणावे आणि काय म्हणू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सनद घेऊन चार वर्षे झाली, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने एका गंभीर मारहाणीच्या प्रकरणात आरोपीतर्फे तुमची नेमणूक केली, कळंबा कारागृहातील पहिल्याच भेटीत आरोपीने "होय, मीच मारले" असे सांगून टाकले, आणि तेव्हापासून तुम्हाला पेच पडला आहे की याच्यासाठी उभे राहून आता बोलायचे काय, की हे काम परत करावे. घरचे वेगळाच प्रश्न विचारतात, तो म्हणजे असल्या माणसाची बाजू घेऊन रात्री झोप कशी लागते. कोल्हापुरात फौजदारी वकिली करताना तीस वर्षांत हे दोन्ही प्रश्न मला इतक्या वेळा विचारले गेले आहेत की दुसऱ्याला उत्तर देणे मी सोडून दिले आहे. पहिला प्रश्न मात्र खरा धंद्याचा प्रश्न आहे आणि त्याला नेमके उत्तर आहे.

आरोपीच्या वकिलाच्या तोंडी न्यायालयात दोन वाक्ये येऊ शकतात. एक, "माझ्या अशिलाने हे केलेले नाही." दुसरे, "माझ्या अशिलाने हे केल्याचे सरकार पक्षाने सिद्ध केलेले नाही." बाहेरच्या माणसाला ही दोन्ही सारखीच वाटतात. ज्या अशिलाने तुमच्याजवळ गुन्हा कबूल केला आहे त्याच्या बाबतीत पहिले वाक्य तुम्हाला कायमचे बंद झाले. दुसरे पूर्णपणे मोकळे आहे. मी पुढे जे लिहिणार आहे ते सगळे या दोन वाक्यांमधल्या अंतराबद्दल आहे.

आधी काम परत करण्याचा विचार बाजूला ठेवा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या व्यावसायिक आचरणाच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की आरोपीच्या दोषाबद्दल वकिलाचे स्वतःचे मत काहीही असले तरी त्याने बचाव केला पाहिजे, कारण पुरेशा पुराव्यावाचून कोणालाही शिक्षा होऊ नये असे सांगणाऱ्या कायद्याशी त्याची निष्ठा आहे. आपल्या पसंतीच्या वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२(१) मध्ये आहे, आणि ऐपत नसणाऱ्याला सरकारी खर्चाने वकील देण्याची जबाबदारी अनुच्छेद ३९-अ आणि १९७९ च्या हुसैनआरा खातून निकालापासून राज्यावर पक्की बसलेली आहे. एखादा भयंकर गुन्हा घडला की "या आरोपीचे वकीलपत्र कोणीही घ्यायचे नाही" असा ठराव करण्याची लाट अधूनमधून वकील संघटनांत येते. असे ठराव संविधानाच्या आणि व्यवसायाच्या नीतिनियमांच्या विरुद्ध असून निरर्थक आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात सांगितले. त्या ठरावांच्या बाजूने बोलणाऱ्या सहकाऱ्यांना मी मुंबई हल्ल्याच्या खटल्याची आठवण देतो. कसाबचे वकीलपत्र घेणाऱ्यांना लोकांनी काय काय ऐकवले ते आपण सर्वांनी पाहिले. त्याच खटल्यात त्याच्यासोबत आणखी दोन आरोपी होते. मे २०१० मध्ये पुराव्याअभावी ते दोघे निर्दोष सुटले, आणि तो निकाल उच्च न्यायालयात व सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला. आरोपींच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना एकाच मापाने मोजायचे ठरले असते तर त्या दोघांचे काय झाले असते याचा विचार करावा.

आता तुमच्या अशिलाने नेमके काय कबूल केले ते पाहू. तो म्हणाला, "मारले." मराठीत कानाखाली वाजवली तरी मारले, हात मोडला तरी मारले, आणि जीव घेतला तरी मारलेच. जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र या एका क्रियापदाचे अनेक तुकडे होतात. साध्या दुखापतीला कलम ११५ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. घातक हत्याराने साधी दुखापत केली तर कलम ११८ च्या पहिल्या पोटकलमाखाली तीन वर्षांपर्यंत. त्याच हत्याराने गंभीर दुखापत केली तर दुसऱ्या पोटकलमाखाली किमान एक वर्ष आणि जास्तीत जास्त जन्मठेपेपर्यंत. आणि कलम १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लागला तर दहा वर्षे, दुखापत झाली असल्यास जन्मठेपेपर्यंत. तुमच्या अशिलावर १०९ लावले आहे. त्याने तुमच्याजवळ १०९ कबूल केले का? त्याला ते कलम ठाऊकही नाही. त्याने एक कृती कबूल केली आहे. त्या कृतीमागे जीव घेण्याचा उद्देश होता की नाही, हत्यार त्याने घरून आणले की हाताला लागले ते उचलले, आधी हात कोणी उचलला, जखम किती खोल होती, या प्रत्येक प्रश्नाला कायद्यात वेगळा भाव आहे. "दोषी" हा शब्द निकालपत्रातला आहे. मुलाखत कक्षातल्या आरोपीच्या तोंडून तो येत नाही, आणि तुम्हीही तो इतक्या लवकर वापरू नये.

अशिलाला "तू केलेस का?" असे विचारावे की नाही यावर आमच्या व्यवसायात जुना मतभेद आहे. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते ज्येष्ठ वकील हा प्रश्न कधीच विचारत नसत. अशील सांगायला लागला तर "ते राहू दे, पोलिसांनी तुझ्याबद्दल काय लिहिले आहे ते बघू" म्हणून त्याला थांबवत. न विचारण्याचा फायदा उघड आहे: माहीत नसल्यामुळे वकिलाचे हात मोकळे राहतात. मीही सुरुवातीची दहा-बारा वर्षे तसाच वागलो. पुढे एका प्रकरणाने माझे मत बदलले, ते सविस्तर सांगतो. गाव, नाती आणि काळ मी बदललेले आहेत.

करवीर तालुक्यातील दोन चुलत भावांचा बांधावरून वाद होता. एके सकाळी त्यातल्या एकाच्या डोक्यात कोयत्याचा एक घाव बसला आणि तो कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेईपर्यंत गेला. मयताच्या पत्नीने घटना डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हा भारतीय दंड संहिता लागू होती आणि कलम ३०२, म्हणजे खून, लागले. दोषारोपपत्रात सरकार पक्षाची कथा अशी होती: आरोपी घरून कोयता घेऊन दबा धरून बसला, त्याने वार केला, कोयता उसात लपवला, आणि अटकेनंतर पोलीस कोठडीत पंचांसमक्ष निवेदन देऊन तो स्वतः काढून दिला. आपण ज्याला मेमोरंडम पंचनामा म्हणतो, जो तेव्हा पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली येत असे आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकात आहे, तो हा. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही, पण तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. म्हणून तपासात या पंचनाम्याला सोन्याचे मोल असते, आणि म्हणूनच त्यात भेसळही होते.

दोषारोपपत्राची प्रत घेऊन मी कळंब्याला गेलो आणि ते त्याला वाचून दाखवू लागलो. लपवलेल्या कोयत्याच्या मजकुरापर्यंत आलो तेव्हा त्याने मला मध्येच तोडले. "मारलंय मीच, साहेब. त्यात काय खोटं न्हाई. पण कोयता म्या लपवला न्हाई. तिथंच टाकून पळालो. त्यानं आधी काठी घातली, ह्यो हात आडवा केला बघा." त्याने डावा हात पुढे केला. तीन महिने उलटले होते, हातावर काही उरले नव्हते. आणि घरून कोयता आणल्याबद्दल विचारले तर म्हणाला की सकाळपासून तो बांधावरची घाणेरी तोडत होता, कोयता त्यासाठीच हातात होता.

ही पूर्ण कबुली होती आणि तिच्यामुळे माझे हात बांधले गेले, हे खरे. पण त्या एका कबुलीने मला तीन गोष्टी दिल्या, ज्या तो "मी तिथे नव्हतोच" म्हणाला असता तर मला कधीच सापडल्या नसत्या. घटनास्थळ पंचनामा मी पुन्हा वाचला. त्यात पाचव्या-सहाव्या ओळीत, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा ठिकाणी, "बांधालगत घाणेरीची ताजी तोडलेली झुडपे पडलेली आहेत" असे लिहिलेले होते. अटकेच्या रात्री त्याला वैद्यकीय तपासणीसाठी नेले होते. तो दाखला दोषारोपपत्राला जोडलेला नव्हता, तो मी अर्ज करून मागवला आणि त्यात डाव्या हातावर कठीण व बोथट वस्तूने झालेल्या मुका माराची नोंद निघाली. आणि तिसरी गोष्ट म्हणजे कोयत्याची जप्ती. कोयता खरा होता, रक्त खरे होते, मारणाराही खरा होता. फक्त तो उसातून काढून दिला ही गोष्ट रचलेली होती. ती का रचली असावी याचा अंदाज करता येतो. लपवलेले हत्यार म्हणजे थंड डोक्याचा गुन्हेगार, आणि थंड डोक्याचा गुन्हेगार म्हणजे ३०२.

पंच साक्षीला आला तेव्हा मी त्याला खोटारडा वगैरे काहीही म्हटले नाही. तो गाडीतून किती जणांसोबत गेला, रस्त्यात कोठे थांबला, शेतात कोणत्या बाजूने शिरला असे साधे प्रश्न विचारत गेलो. मग विचारले, ऊस केवढा होता? म्हणाला, "डोक्याच्या वर." कोयता उसाच्या किती सरी आत होता? "तीन-चार सरी." त्यानंतर मी त्याला पुढचा प्रश्न विचारला नाही. दोन दिवस आधीच्या घटनास्थळ पंचनाम्यात त्याच शेताचे वर्णन "ऊस तुटून गेलेला असून पाचट पसरलेले आहे" असे होते. पुढे तपासी अंमलदाराच्या उलटतपासणीत मी दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले. तेव्हा न्यायाधीशांनी एकदा मान वर करून पाहिले आणि पुन्हा साक्ष लिहवून घ्यायला लागले, एवढेच घडले. सिनेमात दाखवतात तसे काही होत नाही.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत अवघड दिवस पंचाचा नव्हता. तो मयताच्या पत्नीच्या साक्षीचा होता. ती खरे बोलत होती आणि ती खरे बोलत आहे हे त्या दालनात सर्वांत जास्त खात्रीने मला माहीत होते. अशा साक्षीदाराची उलटतपासणी कशी करावी यावर पुस्तकांत फारसे काही मिळत नाही. "तुम्ही घटनास्थळी नव्हताच", "वैरातून खोटे सांगता" अशा ठराविक सूचना देऊन तिला डिवचणे मला शक्य होते आणि त्या भागात ते रोज चालते. मी ते केले नाही, आणि त्यामागे केवळ भलेपणा होता असे मी म्हणणार नाही. खऱ्या साक्षीदारावर खोटेपणाचा आरोप केला की तो बिथरतो, तुमच्याकडे शत्रू म्हणून पाहू लागतो आणि तुमच्या उपयोगाचे जे सत्य त्याच्याजवळ असते तेही गिळून टाकतो. मी तिला चारच प्रश्न विचारले. बांधावरून त्या सकाळी आधी बोलाचाली झाली का? झाली. तुमच्या पतीच्या हातात काठी होती का? होती. आधी काठी उगारली गेली का? ती क्षणभर थांबली. मग खाली पाहून म्हणाली, "व्हय, आधी त्येंनीच उगारली." घाव एकच बसला का? "एकच." मी खाली बसलो. तिचे हे शेवटचे उत्तर ऐकताना आनंद झाला असे म्हणणे खोटे ठरेल, पण ज्या खटल्यात तिचा शब्द अंतिम होता तिथे तिने पूर्ण खरे सांगितले आणि ते तसेच्या तसे नोंदीवर आले.

युक्तिवादात मी एकदाही म्हटले नाही की आरोपी तिथे नव्हता किंवा घाव त्याचा नव्हता. मी म्हटले की सरकार पक्षाने पूर्वतयारी सिद्ध केलेली नाही; जप्तीवर विश्वास ठेवता येत नाही; आरोपीच्या अंगावरील दुखापतीचा खुलासा केलेला नाही; आणि सरकारच्याच पुराव्यातून अचानक उद्भवलेले भांडण, रागाच्या भरात एकच घाव, कोणताही अवाजवी फायदा न घेणे, हे कलम ३०० च्या चौथ्या अपवादाचे, म्हणजे ज्यामुळे कृत्य खून ठरत नाही त्या अपवादाचे, घटक समोर आले आहेत. अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, पण तो भार शक्यतांच्या तराजूवर तोलला जातो आणि सरकारी साक्षीदारांच्या तोंडूनही तो पार पाडता येतो, आरोपीने पिंजऱ्यात जाऊन साक्ष दिलीच पाहिजे असे नाही. न्यायालयाने त्याला ३०२ मधून मुक्त केले, कलम ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली, म्हणजे खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधासाठी, दोषी धरले आणि सात वर्षे शिक्षा दिली. म्हणजे ज्याने केले होते त्याला त्याने केले होते तेवढ्याची शिक्षा झाली. सरकारने त्याविरुद्ध अपील केले नाही.

त्याच खटल्यात मला जे करण्यास सांगितले गेले आणि मी केले नाही, तेही सांगितले पाहिजे. आरोपीचा मेहुणा कार्यालयात आला आणि म्हणाला, "साहेब, त्या दिवशी दाजी आमच्याकडं गडहिंग्लजला होते असं मी सांगतो. आणखी दोघं उभे करतो." चांगल्या मनाने बोलत होता, बहिणीचा संसार डोळ्यांसमोर होता त्याच्या. मी त्याला सांगितले की हा साक्षीदार मी उभा करणार नाही, आणि करायचाच असेल तर वकील बदला. जे खोटे आहे हे मला माहीत आहे असा पुरावा न्यायालयापुढे ठेवला की मी वकील राहत नाही, त्या खोट्यातला एक भागीदार होतो. शिवाय धंद्याच्या दृष्टीनेही तो आत्मघात होता. एक खोटा साक्षीदार उघडा पडला असता तर घाणेरीची झुडपे आणि हातावरचा मुका मार यांच्याकडे कोणी पाहिलेही नसते. अशील ऐकतच नसेल तर वकीलपत्र सोडता येते. त्यासाठी पुरेसे कारण, आगाऊ सूचना आणि न केलेल्या कामाची फी परत देणे एवढे नियमात आहे. मात्र सोडताना न्यायालयाला कारण सांगत बसू नये. "व्यावसायिक अडचण" एवढे शब्द पुरतात. त्याहून जास्त बोललात तर अशिलाचे गुपित तुम्हीच फोडले असे होईल.

गुपिताचा मुद्दा निघाला म्हणून त्याबद्दल थोडे. अशिलाने वकील या नात्याने तुम्हाला जे सांगितले ते त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. खटला संपला, वकीलपत्र संपले तरी हे बंधन संपत नाही, आणि तुमच्या कारकुनालाही ते लागू आहे. कारकुनाला ते एकदा नीट समजावून सांगा, कारण कोर्टाच्या आवारातील चहाच्या टपरीवर अर्ध्या कोल्हापुराची गुपिते फुटतात. अपवाद असा की अशील तुमची मदत पुढच्या बेकायदेशीर कामासाठी मागत असेल, किंवा तुम्ही काम घेतल्यानंतर गुन्हा वा लबाडी घडत असल्याचे तुम्हाला दिसले, तर संरक्षण राहत नाही. "मी मारले" हे झालेल्या गोष्टीबद्दलचे बोलणे आहे, ते सुरक्षित आहे. "त्या साक्षीदाराला जरा समज द्यायला माझ्या भावाला सांगा" हे सुरक्षित नाही, आणि असा निरोप कारागृहातून बाहेर पोहोचवणारा वकील स्वतःच आरोपी होऊ शकतो.

खटला अर्ध्यावर आला असताना अशिलाने कबुली दिली तर काय करावे, यावर इंग्लंडमधील १८४० सालचे एक प्रकरण आमच्या पिढीला आवर्जून सांगितले जाई. लॉर्ड विल्यम रसेल यांच्या खुनाच्या आरोपाखाली त्यांचा नोकर कुर्व्हाझिए उभा होता, आणि सुनावणी चालू असतानाच त्याने आपले वकील चार्ल्स फिलिप्स यांना सांगितले की खून मीच केला. फिलिप्स यांनी काम सोडले नाही, बचाव पूर्ण केला. नोकराला फाशी झाली. पण पुढे अनेक वर्षे फिलिप्स यांच्यावर टीका होत राहिली, ती बचाव चालू ठेवल्याबद्दल जितकी झाली तितकीच या कारणाने की घरातील निरपराध मोलकरणीकडे संशय वळेल असे ते युक्तिवादात बोलले, असे लोकांचे म्हणणे होते. मला ही टीका योग्य वाटते. "पुरावा अपुरा आहे" म्हणणे वेगळे आणि "हे त्या दुसऱ्या माणसाने केले असावे" असे, ते खोटे आहे हे माहीत असताना, सुचवणे वेगळे. अशिलाला वाचवण्यासाठी निरपराध माणसाच्या गळ्यात दोर अडकवण्याची परवानगी वकिलाला कोणी दिलेली नाही.

यानंतर एक तांत्रिक पण रोजचा प्रश्न उरतो, तो म्हणजे आरोपीचा जबाब. सरकार पक्षाचा पुरावा झाल्यावर न्यायालय आरोपीला प्रश्न विचारून जो घेते तो; पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ चा, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ चा. हा जबाब शपथेवर नसतो आणि उत्तर नाकारल्याबद्दल किंवा खोटे उत्तर दिल्याबद्दल आरोपीला शिक्षा होत नाही. आमच्याकडे सरसकट सर्व प्रश्नांना "खोटे आहे" आणि "माहीत नाही" अशी उत्तरे देण्याचा रिवाज पडला आहे. काही ठिकाणी तर आरोपीने प्रश्न ऐकण्याआधीच उत्तर लिहून तयार असते. हा आळस आहे. ज्या प्रकरणात तुम्हाला अपवादाचा फायदा घ्यायचा आहे तिथे आरोपी आधी "मी तिथे नव्हतो" म्हणून बसला तर युक्तिवादाच्या वेळी तुम्हाला त्याच्याच जबाबाविरुद्ध बोलावे लागते. मौन बाळगणे हा त्याचा अनुच्छेद २०(३) खालचा हक्क आहे आणि ते पुष्कळदा उत्तम ठरते. बांधावरच्या खटल्यात आम्ही एकाच प्रश्नाला सविस्तर उत्तर दिले, भांडण कसे सुरू झाले त्याबद्दलच्या. बाकी ठिकाणी तो गप्प राहिला.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत हा सर्व हिशेब अधिक कठीण होतो, आणि पोक्सो कायद्याखाली तर बालकाला थेट प्रश्न विचारताच येत नाही. प्रश्न न्यायालयाकडे द्यावे लागतात आणि न्यायालय ते विचारते. या तरतुदीबद्दल कुरकुर करणारे सहकारी मला भेटतात. मला ती तरतूद बचावाच्या वकिलाचेही ओझे हलके करणारी वाटते. एवढे म्हणून हा विषय इथेच सोडतो, कारण तुमच्या प्रकरणात तो नाही.

दोष सिद्ध झाल्यावर वकिलाचे काम संपते असा समज आहे. उलट अनेकदा खरे काम तिथून सुरू होते. शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकणे सत्र न्यायालयावर बंधनकारक आहे, आणि या सुनावणीला आपण "दया दाखवावी, घरी लहान मुले आहेत" एवढ्या दोन ओळींत गुंडाळतो याची मला लाज वाटते. आरोपीची आधीची वर्तणूक, कारागृहातील वागणूक, जखमीचा उपचार खर्च देण्याची तयारी, वय, हे कागदांसह मांडायचे असते. सौम्य प्रकरणांत १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा, विचार करायला सांगायचे असते. प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षेची तडजोड, २००६ पासून आहे, पण आपल्याकडे ते फारसे रुजले नाही, आणि सात वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना ते लागूच नसल्याने कलम १०९ असेपर्यंत तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण द्यायचे तर बालकांच्या अपहरण व हत्यांच्या खटल्यात रेणुका शिंदे आणि सीमा गावित यांना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यानंतर त्यांच्या वकिलांपुढे "यांनी केलेले नाही" हे वाक्य उरलेलेच नव्हते. तरीही दयेच्या अर्जांवर निर्णय घेताना शासनाने लावलेल्या विलंबाचा मुद्दा मांडला गेला आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीचे रूपांतर जन्मठेपेत केले. त्या निकालावर कोल्हापुरात किती संताप झाला हे मी ऐकले आहे, त्यातला काही माझ्या घरातलाच होता. पण तिथे तपासले जात होते ते शासनाचे वर्तन, आणि दोषी ठरलेल्या माणसाच्या बाबतीतही शासनाला ते तपासून घ्यावे लागते. तेव्हा अपिलासाठी आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईला जात असू. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरातच सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत बसते, त्यामुळे गरीब आरोपीचे अपील केवळ प्रवासखर्चापायी पडून राहण्याचे एक कारण तरी कमी झाले.

आता तुमच्या पुढच्या भेटीबद्दल. कळंब्याला जाताना दोषारोपपत्राची पूर्ण प्रत, घटनास्थळ पंचनामा आणि जखमीचा वैद्यकीय दाखला सोबत न्या आणि अशिलाला ओळ न ओळ वाचून दाखवा. मध्ये बोलू लागला तर थांबवू नका. कोणत्या ओळीवर तो बोलतो हे समासात लिहून ठेवा, कारण ज्याने कृती केली आहे त्याला कागदातली चूक सर्वांत आधी दिसते. हत्यार कोठून आले ते विचारा. जखमी व्यक्ती आणि त्याच्यात किती अंतर होते, घाव किती, आणि पुढचा घाव घालता येत असूनही तो थांबला का, हे विचारा. १०९ आणि ११८ यांच्यातला फरक बहुधा याच शेवटच्या उत्तरात असतो. त्याच्या स्वतःच्या अंगावर तेव्हा काही खूण होती का तेही विचारा, आणि होती म्हणाला तर अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीचा दाखला दोषारोपपत्रात शोधा. नसेल तर तो मागवण्याचा अर्ज पुढच्या तारखेलाच द्या, साक्षीपुरावा सुरू होईपर्यंत थांबू नका.